सगळं एकाच वेळी : सर्किट लिहायला शिकताना



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘डिजिटल युग आणि आपले तरुण’. या विषयावर गेल्या वर्षभरात मी चार भाषणं ऐकली. चारही भाषणांत डिजिटल म्हणजे मोबाइल, आणि मोबाइल म्हणजे पोरं बिघडली, असंच निघालं. म्हणून परवानगी घेऊन मी विषय जरा खाली ओढलाय. त्या मोबाइलच्या आत जो काळा चौकोनी तुकडा असतो, तो आतून आखतात कसा आणि ते आखणं आपण शिकायचं कसं, एवढंच आज बोलणार आहे.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. चिप बनवणाऱ्या कंपनीत मी काम करत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चार वर्षांपासून संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी हा विषय शिकतोय. आणि दीड वर्षापासून सोलापुरात दर रविवारी सकाळी सात-आठ मुलामुलींबरोबर तोच विषय पुन्हा पहिल्यापासून चाललाय. कुणी डिप्लोमाचं, कुणी बीएस्सीचं, एकजण तर आयटीआय करून वायरमनचं काम करतो. आज जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्या वर्गातलं आहे.

सुरुवात त्या वायरमनपासूनच करू. जिन्यातला दिवा तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी असेल. खाली एक बटण, वर एक बटण. खालून लावा, वर जाऊन बंद करा. दोन्ही बटणं एका बाजूला असतील तर दिवा बंद, वेगवेगळ्या बाजूला असतील तर चालू. वायरमनने जोडणी उलटी केली असेल तर उलट, पण तत्त्व तेच. आमच्या वर्गातला हा मुलगा अशी जोडणी डोळे मिटून करतो. त्याला जेव्हा सांगितलं की पुस्तकात याला एक्सॉर गेट म्हणतात आणि बेरीज करणाऱ्या प्रत्येक सर्किटच्या पोटात हेच असतं, तेव्हा तो म्हणाला, “एवढंच होय?” एवढंच. जॉर्ज बूल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली खरं-खोटं, आणि-किंवा-नाही यांचं बीजगणित पुस्तकात मांडलं. पुढे १९३७ साली क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात दाखवून दिलं की रिले आणि बटणांच्या जोडण्यांना हेच बीजगणित लागू पडतं. मधली ऐंशी वर्षं ती दोन टोकं वेगवेगळी पडून होती. एका टोकाला तर्कशास्त्रवाले, दुसऱ्या टोकाला वायरी जोडणारे.

पुढे गेट लहान होत गेली आणि एका तुकड्यावर हजारो, लाखो मावू लागली. तेवढी हाताने चितारणं अशक्य झालं. मग सर्किट शब्दांत लिहायच्या भाषा आल्या. त्यांना हार्डवेअर डिस्क्रिप्शन लँग्वेज म्हणतात, म्हणजे सर्किटचं वर्णन करणारी भाषा. दोन मुख्य आहेत. व्हीएचडीएल ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या प्रकल्पातून आली आणि १९८७ मध्ये तिचं मानक ठरलं. व्हेरिलॉग ही १९८४ च्या सुमारास गेटवे डिझाइन ऑटोमेशन या कंपनीत तयार झाली. ही कंपनी प्रभू गोएल या भारतीय वंशाच्या इंजिनिअरने काढलेली, आणि भाषेची मुख्य रचना फिल मूरबी यांची. तिचं मानक १९९५ चं. आम्ही वर्गात व्हेरिलॉग घेतली. कारण विचाराल तर ती कमी बोलते.

आता खरी अडचण सांगतो. व्हेरिलॉग दिसते कॉम्प्युटर प्रोग्रॅमसारखी. तीच कंसांची, बरोबरच्या चिन्हांची, ‘जर-नाहीतर’ची भाषा. सॉफ्टवेअरमधून आलेल्या माणसाला वाटतं, ही तर आपलीच गल्ली. आणि इथेच सगळ्यांचा पाय अडकतो, कारण प्रोग्रॅम म्हणजे कृती. बिर्याणीची कृती असते तशी : आधी तांदूळ भिजवा, मग मसाला परता, मग थर लावा. ओळीमागून ओळ. वर्णन म्हणजे घराचा नकाशा. नकाशात स्वयंपाकघर डावीकडे आणि मोरी उजवीकडे लिहिलेली असते. आधी कोण, मग कोण, हा प्रश्नच नकाशाला विचारता येत नाही. घर बांधून झालं की दोन्ही खोल्या सदासर्वकाळ तिथे असतात.

दुसऱ्याच रविवारी डिप्लोमाच्या एका मुलीने विचारलं, “भाई, या तीन ओळींत आधी कोणती ओळ चालते?” फार नेमका प्रश्न आहे. उत्तर असं की ‘चालते’ हा शब्दच तिथे बसत नाही. ‘क बरोबर अ आणि ब’ असं लिहिलं म्हणजे अ आणि ब या दोन तारा एका गेटला जोडल्या, त्यातून क नावाची तार बाहेर काढली. डाग दिला, काम संपलं. आता अ बदलला की क बदलणारच, दुपारी बदलो की मध्यरात्री. तुम्ही त्या तीन ओळी खालीवर करा, सर्किट तेच राहतं. तिने लगेच ओळी उलट्यासुलट्या करून पाहिल्या. अशी सवय असलेलं माणूस पुढे जातं, हे मी दीड वर्षात पाहिलंय.

याच कारणाने पुनरावृत्तीचा, म्हणजे ‘फॉर’ लूपचा, अर्थ बदलतो. सॉफ्टवेअरमध्ये लूप आठ वेळा फिरला म्हणजे एकच माणूस एकच काम आठदा करतो. इथे आठ म्हटलं की आठ माणसं उभी राहतात. सर्किटच्या आठ प्रती तयार होतात. तिथे वेळ खर्च होतो, इथे जागा. सॉफ्टवेअरवाल्याने हजारचा लूप बिनधास्त लिहिला तर चिपवर जागाच उरत नाही, आणि टूल त्याला ते फार सौम्य शब्दांत सांगतं.

सगळं एकाच वेळी हजर असतं म्हणजे सगळं क्षणात होतं, असं मात्र समजू नका. त्यासाठी हातचा आठवा. चौथीत ९९९९ मध्ये १ मिळवायला सांगत. एककाचा हातचा दशकात, दशकाचा शतकात, असा तो चालत जातो आणि हातचा येईपर्यंत डावीकडच्या घराला आपलं उत्तर नक्की सांगता येत नाही. चिपमधली साधी बेरीज अशीच असते. बत्तीस घरांची संख्या असेल तर बत्तिसावं घर आधीच्या एकतीस घरांकडून हातचा येण्याची वाट बघतं. प्रत्येक घरात गेटचा थोडा उशीर होतो आणि तो साठत जातो. कॉम्प्युटर किती वेगाने चालेल हे शेवटी अशा एखाद्या सर्वांत लांब वाटेवर ठरतं.

मग काय करतात? हातचा यायच्या आधीच प्रत्येक घराला विचारून ठेवतात : तुझ्याकडची बेरीज दहा किंवा जास्त आहे का? मग मागून काही येवो न येवो, तू हातचा देणारच. बरोबर नऊ आहे? मग मागून आला तर तू पुढे ढकलणार. आठ किंवा कमी? मग तुझ्याजवळ येऊन तो जिरणार. हे उत्तर प्रत्येक घर शेजाऱ्याकडे न बघता, एकाच वेळी देऊ शकतं. ती उत्तरं एकत्र केली की हातचा कुठून कुठे जाणार ते घरोघर न फिरता कळतं. मी दहाच्या पद्धतीत सांगितलं, चिप हेच दोनच्या पद्धतीत करते. वर्गात आम्ही यावर दोन रविवार घालवले आणि मला ते वाया गेले असं वाटत नाही. अभ्यासक्रमात याचं सूत्र अर्ध्या पानात येतं, परीक्षेत पाच मार्कांना विचारतात, आणि सूत्र पाठ असणाऱ्या मुलांना हातच्याशी त्याचा संबंध कुणी लावून दिलेला नसतो.

यानंतर येतं क्लॉक. सर्किटमध्ये उत्तरं वेगवेगळ्या वेळी तयार होतात, कुणाचा हातचा लवकर येतो, कुणाचा उशिरा. मग कुणाचं उत्तर कधी खरं धरायचं? त्यासाठी एक ठोका लागतो. ठोका पडला की फ्लिप-फ्लॉप नावाच्या छोट्या डब्या आपल्या दारात त्या क्षणी जे असेल ते आत घेतात आणि पुढचा ठोका पडेपर्यंत धरून ठेवतात.

हे समजवायला मला सोलापुरात उदाहरण शोधावं लागलं नाही. माझे वालिद चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डवर निघते. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असते. एक कार्ड पुढे येतं. जिथे भोक आहे तिथला उभा धागा वर उचलला जातो, जिथे नाही तिथला खाली राहतो. आता बघा, शेकडो धागे एकामागून एक उचलले जात नाहीत. एका कार्डावर सगळ्या धाग्यांचा निकाल एकदम लागतो, मग धोटा मधून जातो, आडवा धागा ठोकला जातो, आणि पुढचं कार्ड येतं. तो ठोका म्हणजे क्लॉक. दोन ठोक्यांच्या मधे धागे हलतील, थरथरतील, चालतं. धोटा सुटायच्या वेळी मात्र प्रत्येक धागा आपल्या जागी हवा. माग झेपेल त्यापेक्षा वेगाने पळवला तर काय होतं, ते कारखान्यात काम केलेल्यांना मी सांगायची गरज नाही. चिपचं तसंच होतं.

क्लॉक कळलं की एक गंमत दाखवता येते. सॉफ्टवेअरमध्ये दोन पेल्यांतलं पाणी आणि सरबत अदलाबदल करायचं तर तिसरा रिकामा पेला लागतो. पहिल्यातलं तिसऱ्यात, दुसऱ्यातलं पहिल्यात, तिसऱ्यातलं दुसऱ्यात. व्हेरिलॉगमध्ये दोन ओळी पुरतात : ठोका पडल्यावर अ ने ब ची किंमत घ्यावी, ठोका पडल्यावर ब ने अ ची घ्यावी. तिसरा पेला नाही. कारण ठोक्याच्या क्षणी दोघेही समोरच्याची जुनी किंमत बघतात आणि मग दोघेही एकदम बदलतात. यासाठी भाषेत वेगळं चिन्ह आहे, गणितातल्या ‘लहान किंवा बरोबर’सारखं दिसणारं. त्याऐवजी साधं बरोबरचं चिन्ह टाकलं तर पहिली ओळ अ ला ब करून टाकते, दुसऱ्या ओळीला तोच बदललेला अ मिळतो, आणि दोन्ही पेल्यांत सरबत. एका चिन्हाचा फरक. आमच्या वर्गाचा नियम साधा आहे : ठोक्यावर बदलणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ते दुसरं चिन्ह, बाकी सगळीकडे साधं. कारण पाठ न करता कागदावर दोन पेले काढून समजून घ्यायचं.

आता आमचा पहिला खरा प्रकल्प. पुस्तकांत ट्रॅफिक सिग्नल असतो. आम्ही गच्चीवरची टाकी घेतली. सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे हा विषय कुणाला परका नाही. टाकीत दोन फ्लोट. तळाचा सांगतो, पाणी खालच्या खुणेच्या खाली गेलंय. वरचा सांगतो, टाकी भरली. मोटर कधी चालवायची? सगळे म्हणाले, सोपं आहे : पाणी खाली गेलं तर चालू, भरलं तर बंद.

मग मी विचारलं, टाकी अर्धी आहे, आता? कुणी म्हणालं चालू, कुणी म्हणालं बंद. दोन्ही बरोबर आणि दोन्ही चूक. टाकी भरत भरत अर्ध्यावर आली असेल तर मोटर चालू हवी. भरलेली टाकी वापरून अर्ध्यावर आली असेल तर बंद हवी. फ्लोट मात्र दोन्ही वेळी तेच सांगतात. म्हणजे नुसतं आत्ता काय दिसतंय यावरून उत्तर देता येत नाही, मागे काय झालं ते लक्षात ठेवावं लागतं. इथे मुलांना फ्लिप-फ्लॉप कशासाठी हवा ते पटलं. व्याख्या त्यांना आधीपासून पाठ होती.

यात एक खोच आहे. ‘खाली गेलं तर चालू, भरलं तर बंद’ एवढंच व्हेरिलॉगमध्ये ठोक्याशिवाय लिहिलं आणि ‘नाहीतर’चं काही लिहिलंच नाही, तर टूल काय करतं? तुम्ही काही बोलला नाहीत म्हणजे जुनी किंमत तशीच ठेवा, असा अर्थ ते लावतं आणि गुपचूप लॅच नावाचं स्मरण-सर्किट घालून देतं. आपल्या टाकीच्या बाबतीत हवं तेच झालं! एक मुलगा म्हणाला, मग बिघडलं कुठे? बिघडलं असं की हे लॅच ठोक्याची वाट बघत नाही. तारेवर क्षणभर जरी खोटा झटका आला तरी ते तो खरा मानून धरून बसतं. आणि दुसरं, तुम्हाला स्मरण हवं होतं की ‘नाहीतर’ लिहायचं राहून गेलं, हे तुमचा कोड वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. लक्षात ठेवायचं असेल तर तसं उघड लिहा, ठोक्यावर लिहा.

मग चौथी शक्यता. तळाचा फ्लोट म्हणतो टाकी कोरडी, वरचा म्हणतो काठोकाठ भरली. असं पाणी जगात नाही. पण असा फ्लोट असतो, अडकलेला किंवा तार तुटलेला. प्रोग्रॅमची सवय असलेला माणूस म्हणतो, हे होणारच नाही, सोडा. सर्किट सोडत नाही. तारेवर ते दोन सिग्नल आले की बाहेरच्या तारेवर काहीतरी निघणारच, तुम्ही ठरवा किंवा ठरवू नका. अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलं, मोटर बंद आणि लाल दिवा. वायरमन मुलाने आणखी एक घातलं : खालच्या हौदात पाणी नसेल तर मोटर कोरडी फिरून जळते, तिसरा फ्लोट हवा. ते ना पुस्तकात होतं, ना माझ्या डोक्यात. तीन फ्लोट म्हणजे आठ शक्यता झाल्या, आणि आठही फळ्यावर लिहून एकेकीचा निकाल लावला.

इथे दोन गोष्टी पटकन सांगतो. पाणी डुचमळतं, त्यामुळे खुणेजवळ फ्लोट वरखाली होत राहतो. आमच्या बोर्डाचं क्लॉक सेकंदाला २ कोटी ७० लाख ठोक्यांचं आहे, म्हणजे एका मिलिसेकंदात २७ हजार ठोके. माणसाला एक हलकासा हेलकावा वाटतो, सर्किटला ती शेकडो वेळा चालू-बंदची बोंबाबोंब वाटते. साधं बटण दाबलं तरी त्याच्या पत्र्या काही मिलिसेकंद थरथरतात. म्हणून एक मोजणारं सर्किट ठेवायचं : सिग्नल सलग काही वेळ स्थिर राहिला तरच खरा. दुसरी गोष्ट, बोर्डाची तार थेट मोटरला लावायची नाही. मधे रिले हवा, आणि घरच्या विजेला हात लावायचा तो जाणत्यानेच. वर्गात आम्ही मोटरऐवजी एलईडी आणि टाकीऐवजी बादली वापरतो.

व्हेरिलॉगमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आता सांगतो. आपल्याला वाटतं, डिजिटल म्हणजे शून्य आणि एक. या भाषेत तारेच्या किमती चार आहेत. शून्य, एक, ‘झेड’ म्हणजे या तारेला सध्या कुणीच धरलेलं नाही, आणि ‘एक्स’ म्हणजे माहीत नाही. सिम्युलेशन सुरू झालं की फ्लिप-फ्लॉपमध्ये ‘एक्स’ असतो, कारण सुरुवातीला त्यात काय आहे हे कुणी सांगितलेलंच नाही. मग तो ‘एक्स’ पुढे पसरत जातो. ज्या उत्तरात तो मिसळला ते उत्तर सहसा ‘एक्स’ होतं. पण शून्याशी ‘आणि’ केलं तर उत्तर शून्यच, कारण दुसरी बाजू काहीही असली तरी निकाल बदलत नाही. अज्ञान कुठे आड येतं आणि कुठे येत नाही याचा इतका चोख हिशोब मी दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटर-भाषेत पाहिलेला नाही. खऱ्या चिपमध्ये ‘एक्स’ नसतो. तिथे फ्लिप-फ्लॉप शून्य किंवा एक काहीतरी घेऊन उठतो आणि ठणकावून तेच सांगतो. म्हणून पडद्यावर लाल रंगात ‘एक्स’ दिसला की मुलं वैतागतात, आणि मी म्हणतो, तो दिसतोय तोवर बरं आहे.

हे सगळं लिहिलं, आता बरोबर आहे हे कशावरून? इथे हा विषय खरा कस बघतो. सॉफ्टवेअरमध्ये काही राहिलं तर उद्या दुरुस्ती पाठवता येते. चिप एकदा सिलिकॉनवर उतरली की खोडरबर नाही. इंटेलच्या पेंटियम चिपची गोष्ट प्रसिद्ध आहे. भागाकारासाठी त्यात एक तक्ता होता आणि त्यातल्या काही नोंदी गाळल्या गेल्या होत्या. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली मूळ संख्यांवर काम करत होते, त्यांची गणितं जुळेनात, आणि शोधत शोधत ते चिपपर्यंत पोहोचले. कंपनीने आधी म्हटलं, सामान्य माणसाला याचा त्रास होणार नाही. लोक ऐकेनात. शेवटी चिपा बदलून देण्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला.

म्हणून सर्किटबरोबर दुसरा कोड लिहायचा, त्याला टेस्टबेंच म्हणतात. तो चिपवर जात नाही. त्याचं काम सर्किटला प्रश्न विचारत राहायचं. व्हेरिलॉग मुळात अशा तपासणीसाठीच जन्मली होती, त्यातून सर्किट बनवणारी टूल्स मागाहून आली. त्यामुळे भाषेचा काही भाग फक्त तपासणीचा आहे, त्याचं सर्किट होत नाही. ‘दहा एकक थांब’ हे सिम्युलेशनमध्ये चालतं, चिपवर त्याला अर्थ नाही. ही सीमारेषा पहिल्याच दिवशी वहीत आखून घ्यावी.

तपासायचं किती? आठ घरांच्या दोन संख्यांची बेरीज असेल तर जोड्या ६५,५३६. लॅपटॉप चुटकीसरशी सगळ्या तपासतो. बत्तीस घरांच्या दोन संख्या घेतल्या तर सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासूनही पाचशे ऐंशीहून जास्त वर्षं लागतील. म्हणजे सगळं तपासणं अशक्य, आणि तरी खात्री हवी. मग डोकं लावावं लागतं : कडेच्या किमती, सगळे शून्य, सगळे एक, हातचा शेवटपर्यंत जाईल अशा जोड्या, आणि त्यावर काही लाख यादृच्छिक. वर्गात आम्ही आणखी एक पथ्य पाळतो. एकाने लिहिलेलं सर्किट दुसऱ्याने तपासायचं. स्वतःचं सर्किट स्वतः तपासणारा माणूस नकळत तेच प्रश्न विचारतो ज्यांची उत्तरं त्याने आधीच लिहिलेली असतात. कंपन्यांतही तपासणीचे इंजिनिअर वेगळे असतात. ज्या मुलीने ‘आधी कोणती ओळ चालते’ विचारलं होतं, ती आता या कामात एवढी तरबेज झाली आहे की तिच्याकडे सर्किट द्यायला मुलं कचरतात.

आता थोडं कडू बोलतो. मी ज्या कॉलेजात इंजिनिअरिंग केलं तिथे हा विषय होता. प्रॅक्टिकलही होतं. छापील प्रोग्रॅम जर्नलमध्ये उतरवायचा, सही घ्यायची. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर दोन मशीनवर, लॅब चारला बंद. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण माझ्या वर्गातली मुलं आज वेगवेगळ्या कॉलेजांतून हीच हकिकत घेऊन येतात. यात सर्वांत जास्त कोण मागे राहतं? ज्याच्या घरी विचारायला कुणी नाही, जिला चारनंतर थांबता येत नाही, ज्याची दहावी उर्दू किंवा मराठी माध्यमात झाली आणि जो इंग्रजीतलं विचारताना घाबरतो. त्यांना सांगितलं जातं, चिप डिझाइन आयआयटीवाल्यांचं काम, महागड्या सॉफ्टवेअरचं काम.

हे आता खरं राहिलेलं नाही. आयकॅरस व्हेरिलॉग नावाचं सिम्युलेटर फुकट आहे आणि सात-आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर चालतं. जीटीकेवेव्हमध्ये तारांच्या लाटा बघता येतात. योसिस नावाचं टूल व्हेरिलॉगचं गेटमध्ये रूपांतर करतं, तेही मुक्त. एनपीटीईएलवर इंद्रनील सेनगुप्तांची आयआयटी खरगपूरमधली व्हेरिलॉगची व्याख्यानमाला आहे, बघायला पैसे पडत नाहीत. आम्ही वर्गणी काढून एक एफपीजीए बोर्ड घेतला, साध्या स्मार्टफोनपेक्षा बराच स्वस्त. एफपीजीए म्हणजे अशी चिप जिच्यातल्या जोडण्या आपण लिहिलेल्या वर्णनाप्रमाणे पुन्हा पुन्हा बदलता येतात. आमच्या बोर्डात ८,६४० छोटे तर्क-तक्ते आहेत. आमच्या टाकीला त्यातले अगदी थोडे लागले. आणि इंग्रजीचं म्हणाल तर भाषेत रोज लागणारे शब्द वीस-पंचवीस. बाकी विचार कुठल्या भाषेत करायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. आमचा फळा मराठी आणि दखनीत भरतो.

पण खोटी आशा दाखवणार नाही. केंद्र सरकारने २०२१ च्या डिसेंबरात सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटींची योजना मंजूर केली, तेव्हापासून प्रत्येक खाजगी क्लासने ‘चिप डिझाइन’चा बोर्ड लावलाय. फी भरण्याआधी तिथल्या सरांना ‘नाहीतर’ नसलेल्या ‘जर’चं काय होतं एवढं विचारा. टाकीचं सर्किट जमलं म्हणून नोकरी लागत नाही. कंपन्यांची टूल्स वेगळी आणि खरोखर महाग आहेत, बंगळूर-हैदराबादकडे कामं जास्त आहेत, आणि मुलीला तिकडे पाठवायचं का, हा प्रश्न आपल्या घरांत व्हेरिलॉगपेक्षा अवघड आहे. आमच्या वर्गातल्या एकीला तपासणीच्या कामाची ट्रेनी म्हणून पुण्यात जागा मिळाली. घरात महिनाभर चर्चा चालली. मुलाखतीत तिला टाकीबद्दलच विचारलं होतं, तिने तिसऱ्या फ्लोटपर्यंत सगळं सांगितलं. ती गेल्या महिन्यात रुजू झाली. दुसऱ्या एकीच्या घरून नकार आला. ती अजून रविवारी येते, आणि तिच्या वडिलांशी मी अजून बोलतोय.

बोर्ड इथे टेबलावर आहे, बादलीही आणली आहे. फ्लोट हाताने वरखाली करून बघा, मुद्दाम चुकीचे करा, लाल दिवा लागतो का तपासा. कोड ज्यांना हवा त्यांना पेन ड्राइव्हवर देतो. रविवारी साडेनऊला आम्ही सुरू करतो. या वेळी लिफ्ट घ्यायची ठरली आहे, तीन मजल्यांची. येताना एवढंच ठरवून या : लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर आहे आणि पहिल्या, तिसऱ्या दोन्ही मजल्यांवरून एकाच ठोक्याला बटण दाबलं गेलं, तर ती कुणाकडे जाईल?